पॅकिंगवाले साळवीकाका

साळवीकाकांच्या घरात कुठल्याही वस्तूवरचं प्लास्टिक कधी निघालं नाही. फ्रिज, मिक्सर, रिमोट, सोफा, सगळं दुकानातून आलं तसंच गुंडाळलेलं. त्या सोफ्यावरून उठताना असा आवाज यायचा की पाहुणे लाजून पुन्हा बसायचे. टीव्हीच्या काचेवरचा कागद इतका जुना होता की क्रिकेटचे सगळे सामने धुक्यातच होतात, अशी आमची समजूत होती. काका जन्मभर एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्याचे सुपरवायझर होते. जन्मल्यावर त्यांनी नाळसुद्धा "राहू द्या, खराब होईल" म्हणून सहजासहजी कापू दिली नसणार. "वस्तूची इज्जत राखा रे," ते म्हणायचे, "वस्तू तुमची राखील."

डोंबिवलीत मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्या घरात आवाज असायचा तो त्यांच्या बायकोचा, सुमनकाकूंचा. काकूंनी गॅलरीतून भाजीवाल्याशी घासाघीस सुरू केली की तिकडे दिवा स्टेशनबाहेर वांगी स्वस्त व्हायची. घरात त्यांचं एकच पालुपद, "अहो, ते प्लास्टिक काढा." काका "हूं" म्हणायचे आणि काढायचे नाहीत. संसार खणखणीत चालला होता.

मग काकूंना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि जीभ गेली. डोकं शाबूत, पण शब्द फुटेना. हळूहळू त्यांनी खुणा करणंही सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. इमारत इतकी शांत झाली की मला खालच्या घरातल्या कुकरची शिट्टीसुद्धा परकी वाटायची.

काकांनी ठरवलं, हिला बोलती करायची. मोबाइलवरची इवली अक्षरं काकूंच्या डाव्या बोटाला सापडत नव्हती, म्हणून मोठा कीबोर्ड आणला, कळांवर ठसठशीत अक्षरं चिकटवली. मग सुटे भाग आणून, व्हिडिओ बघून बघून, काकूंच्या पलंगासमोर टेबल मांडून स्वतः कॉम्प्युटर जोडला. त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं. फुकट मिळतं म्हणून का, असं मी विचारलं तर चिडले. "घेतलेली वस्तू आपली असावी. तिनं उठसूट आपल्याकडे परवाना मागायचा नाही." काकूंनी एका बोटानं वाक्य लिहून एंटर दाबलं की यंत्र ते मोठ्यानं वाचणार. आवाज सर्दी झालेल्या इंग्रज कलेक्टरचा. काकूंचं पहिलं वाक्य होतं, "चहात साखर कमी आहे." काका स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ साखरेचा डबा शोधत राहिले. डबा हातातच होता.

पण यंत्र तापायचं. चार वाक्यं झाली की पडदा काळा. काका यंत्र पुन्हा चालू करून हुकूम लिहून तापमान बघायचे, आकडा शंभराकडे निघालेला. त्यावर इडल्या झाल्या असत्या, चटणी तेवढी बाहेरून आणावी लागली असती. आयटीत असल्यामुळे मी सल्ले दिले. लिनक्स पुन्हा घातलं, प्रोसेसरचा वेग कमी केला. काकांनी कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडून टेबलफॅन लावला, पंख्यांतली धूळ रंगाच्या ब्रशनं झाडली. पडदा काळा तो काळाच. दर वेळी काकूंचं वाक्य अर्ध्यात तुटायचं, आणि दर वेळी त्या हात जरा जास्त मागे घ्यायच्या. एके दिवशी त्यांनी कीबोर्ड ढकलला आणि भिंतीकडे वळल्या. काका जिन्यात येऊन मला हळूच म्हणाले, "आता हे नाही जमलं ना रे, तर ती पुन्हा नाही वळायची."

दुसऱ्या दिवशी मी काकूंची मनधरणी केली. शेवटचं एकदा, म्हणालो. त्या वळल्या. काकांकडे रोखून बघत त्यांनी लिहिलं आणि एंटर दाबलं. कलेक्टर बोलला, "अहो, ते प्लास्टिक काढा."

काकांचे डोळे भरून आले. "ऐकलंस? तेच! अगदी तेच वाक्य!" त्यांनी मला मिठी मारली. "म्हण, सुमन, पुन्हा म्हण."

काकू पुन्हा लिहायला लागल्या आणि पडदा काळा झाला. तेव्हा त्यांनी डाव्या हातानं काकांचा सदरा धरून त्यांना खाली ओढलं आणि उघड्या डब्याच्या पोटात बोट रोखलं. काकांचा चेहरा उतरला.

प्रोसेसरवर उष्णता शोषून घेणारा धातूचा ठोकळा बसतो, त्याच्या डोक्यावर पंखा. काकांनी ठोकळा उचलला. त्याच्या तळाला पारदर्शक कागद चिकटलेला होता, एकही बुडबुडा नाही, अंगठ्यानं गुळगुळीत दाबलेला. बसवण्याआधी हा काढा, असं त्यावर इंग्रजीत छापलं होतं. काकांनी ती सूचनाही जपून ठेवली होती. जोडणी चालली असताना काकूंनी मान वळवून पलंगावरून सगळं पाहिलं होतं, पण सांगायला गेल्या की वाक्य अर्ध्यात तुटायचं.

काका जमिनीवर बसले. "पॅकिंगवाल्यानं बायकोचं तोंडच पॅक केलं रे."

काकूंनी हात लांब करून त्यांचा कान पकडला. लवकर सोडला नाही.

काकांनी कागद सोलला, तळाला उष्णता वाहणारी पेस्ट लावली आणि तापमान असं उतरलं, जणू यंत्र माथेरानला जाऊन बसलं. फ्रिजवरचं प्लास्टिक मात्र राहिलं. एका दिवसात माणूस किती बदलणार? त्यानंतर काकूंनी सगळी थकबाकी वसूल केली. शेजारीण, भाजीवाला, मी, कुणी सुटलं नाही. काका समोर बसून प्रत्येक वाक्याला "हूं" म्हणायचे. एक बोट वाक्य लिहीपर्यंत त्यांचा चहा निवायचा, पण ते उठायचे नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात काकांना कल्याणच्या एका हॉस्पिटलमध्ये ठेवलं. काकूंना नेणं शक्य नव्हतं. दुपारी मी माझा फोन कॉम्प्युटरच्या स्पीकरपाशी धरला, पलीकडे नर्सनं काकांचा फोन त्यांच्या कानाशी. काकू भराभर लिहू लागल्या, बोट चुकायला लागलं. काकांचा आवाज अगदी खोल गेलेला होता. "तिला म्हणावं, सावकाश लिही. आता बंद पडत नाही. मी ऐकतोय."

मग काकू सावकाश लिहायला लागल्या. कुंडीतल्या कढीपत्त्याला पालवी आली. खालच्यांच्या सुनेला दिवस गेलेत. तुमची निळी चादर मी कुणाला वापरू दिली नाही. दर वाक्याला पलीकडून "हूं" येत होता. मग एका वाक्याला आला नाही. पुढच्यालाही नाही. फोनमधून नर्सची धावपळ ऐकू आली, मग तीही थांबली. काकूंचं बोट कीबोर्डवर चालूच होतं, वाक्य अर्ध्यावर आलेलं. मी फोन खाली ठेवला नाही. ते पूर्ण होऊ दिलं.