जहाजाची तपासणी आणि साताऱ्याचं स्थळ

माझे थोरले चुलते मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन पलूसला आले, ते एक हातोडी आणि एका जुन्या शिडाच्या मालवाहू जहाजाचे तपासणी-अहवाल घेऊन. जहाजाच्या लाकडावर हातोडी ठोकायची, आवाजावरून कूज ओळखायची आणि अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. ते जहाज केव्हाच भंगारात गेलं होतं. आमच्या गावाला समुद्र नाही, ऊस आहे. तरी रोज जेवताना आम्हाला ऐकावं लागे: "तळ शाबूत. मागची फळी किडकी. वाऱ्यात आवाज फार करतं, पण पाणी आत येऊ देत नाही."

एकोणीसशे पंचाहत्तरच्या सुमाराला मला साताऱ्याचं स्थळ आलं आणि घर बघायला नेमकं यांनाच पाठवलं. दुसरं कुणी मिळालंच नाही की काय, देव जाणे! त्यांनी तिथे चौकट ठोकली, खांब ठोकले आणि परत येऊन सगळ्यांदेखत सांगितलं, "घर शाबूत हाय. सासू वादळी. पोरगा भाईरनं बरा, आतला अंदाज येत न्हाई. बोलतच न्हाई."

मी ताट सरकवून उठले. लग्न मात्र झालं.

पुढे एका भांडणात मी हा अहवाल नवऱ्याला तोंडपाठ म्हणून दाखवला. त्यांनी शांतपणे पेपर खाली ठेवला.

"तुझाही सांगितला होता त्यांनी आमच्याकडे."

"काय सांगितलं होतं?"

"पोरगी आवाज लय करती, पन पानी आत येऊ देत न्हाई."