कोकिळाबेन आज भांडली नाही

मैत्रिणींनो, चाळीच्या या फळ्यावर मी एरवी आपल्या बायकांच्या इंग्रजी वर्गाची वेळ लिहिते. आज दुपारी वर्गात जे घडलं ते लिहिते आहे.

इंग्रजीच्या धड्यात ‘क्वारल’ हा शब्द आला. मी सांगितलं, सैन्यांचं ते ‘वॉर’, हातघाईची ती ‘फाइट’, आणि ओळखीच्या माणसांत तोंडानं होतं ते क्वारल. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तक्रार.

नलिनी म्हणाली, “म्हणजे आमचं नळावरचं. मुंबई महाराष्ट्राची की गुजरातची ते एकदा ठरू दे, मग तेही मिटेल. काय गं कोकिळाबेन?”

दोघीतिघी हसल्या. एरवी कोकिळाबेननं तिला तिथल्या तिथे सुनावलं असतं. आज ती एवढंच म्हणाली, “तुमची बादली आधी लावा, ताई. मला काय बी बोलायचं नाय.” वही मिटून ती निघून गेली.

नंतर कळलं, तिचे यजमान बडोद्याला घर बघून आले आहेत. मुलांची नावंही शाळेतून काढणार आहेत.

तक्रार करणारं माणूस निदान आपल्याशी बोलत तरी असतं. मुलुंडच्या आपल्या या चाळीत हल्ली नळावरचा आवाजही कमी होत चालला आहे. पलीकडच्या गल्लीतही असंच झालं होतं. तिथली तीन गुजराती बिऱ्हाडं उठली, तेव्हा निरोप द्यायलाही कोणी दारात आलं नाही.

रोज विरजण मागायला येणारी कोकिळाबेन कोणाच्याच दारात येईनाशी झाली, हे तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं होतं? आज विरजणाची वाटी घेऊन तिच्याकडे कोण जाणार आहे?