शिवकांताला भाकरी येत नव्हती

महिना होऊन गेला. दुपारी जेवण उरकून जरा आडवी झाले होते, तेवढ्यात नांदेडहून फोन आला. अनोळखी मुलीचा आवाज. "तुमी लातूरच्या वैनी का? आक्का गेल्या..." सकाळच्या भाकऱ्या थापून झाल्या, भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही म्हणे. शिवकांता माझी धाकटी नणंद. मुलींच्या एका वसतिगृहात पंचवीस वर्षं ती भाकऱ्या करत होती. फोन ठेवला आणि रडू यायच्या आधी मला राग आला. कोणाचा आला, हे कागदावर उतरवायला महिना लागला.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. कचेऱ्या आल्या, साहेब लोक आले, त्यांच्या बायका आल्या, आणि आमच्या ह्यांच्या साडीच्या दुकानाला एकाएकी शहरी व्हायची घाई झाली. टॉकीजमध्ये मध्यंतराला दाखवायची जाहिरात करायची ठरली, त्यासाठी नांदेडहून फोटोवाला बोलावला. मी चहा पुढे केला, तर त्याने कप घ्यायच्या आधी माझी बोटं पाहिली आणि नजर फिरवली. ह्यांना म्हणाला, "चेहरा लागतच न्हाई, आप्पा. पदर धरलेला हात आन् काठाखाली पाऊल, बस. पन हात राबलेला दिसला, की भारी साडीबी हलकी वाटती." मेला खरं तेच बोलला. गिऱ्हाईक बाई आरशासमोर पदर धरते तेव्हा तिला तिचीच बोटं आधी दिसतात, हे दुकानात बसून मीही पाहिलं होतं. मग रिकामे कप उचलायला शिवकांता आली. वीस वर्षांची होती. लहानपणी देवी येऊन गेल्या, त्यांनी तोंडाची चाळण केलेली. दोन स्थळं उंबऱ्यातूनच परत गेली होती. पण हातपाय! लांबसडक बोटं, गोल टाचा, कुठे एक डाग नाही. फोटोवाला उठून उभाच राहिला.

त्या दिवसापासून त्या पोरीचे हातपाय दुकानाच्या मालात जमा झाले. शेणात हात घालायचा नाही, राखेने भांडी घासायची नाहीत, तव्याजवळ तर जायचंच नाही. रोज साय चोळायची, वजरीने टाचा घासायच्या, उन्हात मोजे घालायचे. त्यातच दोन-तीन पावसाळे कोरडे गेले. गल्लीत टँकर आला की मी घागरी घेऊन पळायची. माझ्या टाचांच्या भेगांत मेण वितळवून भरायची पाळी, आणि ह्यांचा हुकूम काय, तर शिवकांताचे पाय भिजवायला रोज अर्धी बादली कोमट पाणी ठेवा! ते पाणी मी फेकत नसे, त्यात फडकी धुवायची. धुताना तोंडाचा पट्टा चालूच असायचा आणि ती खाली मान घालून ऐकायची. तिने ते काही मागितलं नव्हतं, हे मला कळत होतं. पण राग काढायला ह्यांच्यापेक्षा ती सोपी होती.

जाहिरात मात्र अशी गाजली की काय सांगू. हे मुंबईची मॉडेल म्हणून सांगायचे. एकदा आम्ही दोघी पिक्चरला गेलो. मध्यंतराला पडद्यावर ते हात आले, तसं पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "मुंबईच्या बायांना काम न्हाई का धाम न्हाई, हात ऱ्हातेत मग असे." शिवकांताने हात पदराखाली घेतले. पिक्चर सुटेस्तोवर बाहेर काढले नाहीत.

मग चाकूरचं स्थळ आलं. मुलगा मास्तर, स्वभावाने गरीब. बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी ती माझ्या मागे मागे फिरत होती. "वैनी, एक डाव भाकरी शिकवा. मास्तरची माय इचारंल." मी म्हणाले, "तुझा हात पोळला तर तुझा दादा मला पोळंल. सरक." दुसऱ्या दिवशी माय-लेक आले. म्हातारीने शिवकांताची हनुवटी धरून वर केली. "तोंडाचं काय घिऊन बसायचं? देवीचे वण माझ्याबी अंगावर हाईत. भाकरी येती का, पोरी?" हे जमिनीकडे बघत बसले. दिवाळीचे फोटो काढायचे बाकी होते ना! शिवकांताने माझ्याकडे पाहिलं. येती की, एवढंच म्हणायचं होतं मला... "न्हाई बाई," मी म्हणाले, "पान्यात हात घालायची सवयच न्हाई तिला." खोटं काहीच बोलले नव्हते. म्हातारीने पोह्यांची बशी खाली ठेवली. जाताना मास्तराने एकदा मागे वळून पाहिलं, बस.

दहा वर्षं ते हात कॅलेंडरवर आणि पडद्यावर झळकले. मग तोच फोटोवाला म्हणाला, "शिरा दिसून राहिल्यात, आप्पा. थोराड वाटतेत." नांदेडची कॉलेजातली एक पोरगी आणली. साय, मोजे, बादली सगळं एका दिवसात बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकांता माझ्या शेजारी येऊन बसली आणि काठवट आपल्याकडे ओढली. पहिली भाकरी चिरली, दुसरी तव्याला चिकटली. चौथ्या दिवशी भाकरी टम्म फुगली. त्या भाकरीकडे बघत ती म्हणाली, "चारच दिस लागले, वैनी." एवढंच. महिनाभरात ती नांदेडला निघून गेली. पुढे हे वारले तेव्हा आली, पाच दिवस राहिली, पण माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाही.

त्या फोननंतर मी पोचले तेव्हा तिला बसती केली होती, भस्म लावलं होतं. आमच्यात डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून समाधी देतात. मूठ आवळलेली होती. "जवळचं कोन हाय?" विधीला आलेल्या स्वामींनी विचारलं. वसतिगृहाच्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी पुढे झाले आणि एकेक बोट सोडवलं. अंगठ्याखाली पोळल्याचे काळे डाग, बोटांना घट्टे, नखं झिजलेली. माझ्या हातापेक्षा खरबरीत हात होता तो. टँकरच्या रांगेत उभी राहून रोज मी देवाजवळ एकच मागायची, हिचे हात माझ्यासारखे होऊ देत. स्वामी लिंग ठेवेपर्यंत तो हात मी धरून होते, आणि देवाने माझं ऐकलं होतं.