कडू घासाची वातड भाकरी

माझ्या शहाणपणाचा किस्सा ऐकायचा असेल तर आधी चहा पिऊन घ्या, मग तो घशाखाली उतरायचा नाही.

मला वाटलं होतं, दिल्लीत भाषाशास्त्र शिकून बोरगावला परतले की माणसं जुने शब्द सांगतील आणि मी ते मरणापासून वाचवीन. प्रत्यक्षात परतले त्याच आठवड्यात मावशीचे यजमान गेले, आणि मी मावशीच्या तोंडचा घास घालवला.

आमच्याकडे मयताच्या घरात चूल पेटत नाही. शेजारी भाकरी-पिठलं आणतात. तो कडू घास. त्याची चव बघायची नसते. शेजारणीनं जवळ बसून तो भरवायचा असतो. मावशीनं आदल्या दिवसापासून नुसतं पाणी घेतलं होतं. शेजारच्या सुमनआक्का भाकरीची बुट्टी घेऊन तिच्याजवळ टेकल्या. भाकरी मोडायला गेल्या, ती मोडेना. गार झालेली, नुसतीच ताणली जात होती!

मला राहवेना. भरल्या घरात मी विचारलं, "आक्का, हिला वातड म्हणायचं का चिवट?"

तिथं तरी थांबावं की नाही? मी समजावू लागले. वातड म्हणजे वाईट नव्हे, चिवट तर माणूसही असतो, पण वातड म्हटलं की कसे दातच कामाला लागतात…

आक्कांनी भाकरी बुट्टीत ठेवली. "मयताकडं बघू का तव्याकडं, बाई?" म्हणाल्या आणि उठून गेल्या.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, दिल्लीच्या पोरीला मऊ लागतं. मग काय विचारता? एका घरातून गुरगुट्या भात, दुसऱ्यातून उप्पीट, तिसरीनं तर दुधात कुस्करलेली बिस्किटं पाठवली. सगळं उंबऱ्यावर. आत यायला कुणी तयार नाही. न जाणो, त्यांच्या हातालाही मी एखादा शब्द चिकटवायचे. मी घास पुढं केला की मावशी तोंड फिरवायची. एकदाच बोलली, "सुमन कुठं गेली गं?"

सकाळी उजाडताच आक्कांच्या दारात जाऊन माफी मागितली. त्यांनी परात माझ्याकडं सरकवली. "थाप."

माझी भाकरी घेऊन दोघी आलो. आक्कांनी हिसडा देऊन तुकडा तोडला, मावशीला भरवला. मावशी चावत राहिली. डोळ्यांत पाणी आलं. काकांच्या आठवणीनं की भाकरीनं, कोण सांगणार?

"हिला म्हणत्यात वातड," आक्का मला म्हणाल्या.

मावशीनं दुसरा घास घेतला. मी भारावले. तिथंच ठरवून जाहीर केलं, दहाव्यापर्यंत रोजची भाकरी मीच थापणार.

"नगं गं," मावशी म्हणाली. "ह्या घरातनं एक गेलं तेवढं बास."