आईचा उघडा ळ

पुस्तकात वाचायला आणि मालाच्या पेटीवर ओरडायला एकच अक्षर चालत नाही, हे मला आईने शिकवलं. ती कट निबने, म्हणजे तिरप्या कापलेल्या टोकाच्या लेखणीने लिहायची. इंदिरानगरात कुणाचं लग्न ठरलं की पत्रिकांवर नावं घालायला तिलाच बोलावणं. जाड रेघ सावकाश बारीक होत जायची, हाताचा कल दिसायचा, आणि तिच्या ळचा उजवा वळसा कधीच पूर्ण मिटायचा नाही. आम्ही चिडवलं की म्हणायची, "त्याला श्वास घ्यायला खिडकी नको?"

नव्वदच्या दशकात मी आणि कॉलेजातला एक मित्र मिळून गंगापूर रोडला डीटीपीचं दुकान चालवत होतो. संगणकावरची मराठी अक्षरं मला पत्र्यातून कापल्यासारखी वाटायची. जुन्या इंग्रजी पुस्तकांतली अक्षरं बघा, पायाला छोट्या टाचा, अंगात लेखणीचं वळण. कितीही वाचा, डोळे शिणत नाहीत. मराठीत तसा फॉन्ट करायचा, आईच्या अक्षरावरून, आणि तो फक्त पुस्तकांना वापरायचा, असं आमचं ठरलं. आईने हौसेने सगळी अक्षरं मोठ्या कागदांवर लिहून दिली. ती स्कॅन करून संगणकावर गिरवायचं काम मित्राकडे होतं.

फॉन्ट होत आला आणि एका सकाळी तो पडलेल्या चेहऱ्याने घरी आला. व्हायरसने सगळं खाल्लं, म्हणाला. कागदही म्हणे घर बदलताना गहाळ झाले. तोवर आईचा हात थरथरू लागला होता. पुन्हा लिहून मागायची सोय नव्हती. मला रडू आवरेना, आणि आई मात्र त्याच्यापुढे चिवड्याची बशी ठेवून त्याचीच समजूत घालत होती. पुढे दुकान बंद झालं, तो मुंबईला गेला.

काही वर्षांनी मामाने पिंपळगाव बसवंतहून द्राक्षांची पेटी पाठवली. पुठ्ठ्यावर गावाचं नाव होतं, आईच्या अक्षरात. पेटी छापणाऱ्याचा नंबर मामाकडून घेऊन फोन केला, आमच्या जुन्या दुकानाची ओळख सांगितली.

"ताई, हा फॉन्ट तुमच्याच जुन्या पार्टनरकडून घेतलाय की," तो म्हणाला. "स्वतः बनवलाय म्हणे त्यांनी."

मी परत पेटीपाशी आले. 'पिंपळगाव'मधला ळ घट्ट मिटलेला होता. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून मेल्याने तेवढी खिडकी बुजवली होती. म्हणजे आपण काय करतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. माझा संताप संताप झाला.

आई चष्मा लावून पेटीवरून बोट फिरवत बसली होती. "अगदी माझ्यासारखं लिहितं गं कुणीतरी. ळ तेवढा माझा नाही."

मी द्राक्षं धुवायला घेतली.

"हा पुठ्ठा जपून ठेव," ती मागून म्हणाली. "तुझ्या त्या मित्राला पाठवू. बिचाऱ्याची केवढी मेहनत वाया गेली होती."