विकताना बरी पडेल अशी रायफल

नागपूरच्या विमानतळाच्या दाराशी बाबांनी माझ्या बॅगेची चेन एकदा ओढून बघितली आणि म्हणाले, "तिकडे फार काही घेत बसू नकोस. दोन वर्षांचंच तर आहे." आई डोळे पुसत होती. मिलिंद, माझा नवरा, पासपोर्ट तिसऱ्यांदा तपासत होता. मला रडूबिडू आलं नाही. दोन वर्षं ती काय, असंच वाटलं होतं.

ती दोन वर्षं इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये कधी संपलीच नाहीत. चौथं वर्ष लागलं तरी मिलिंदला कोणी विचारलं की उत्तर तेच, "अजून दोनेक वर्षं." आणि घरातली प्रत्येक वस्तू या उत्तराला विचारून यायची. सोफा चॅरिटी शॉपमधला, कोणीतरी वापरून दान केलेला. पडदे लँडलॉर्डचे. लग्नाचा फोटो भिंतीला टेकवून जमिनीवर, कारण खिळा कशाला ठोकायचा? परत जायचंय ना! तुमच्यापैकी जे बाहेर पडले त्यांना हे वेगळं सांगायला नको. जे तिथेच राहिले त्यांना वाटतं, आम्ही इकडे मजेत आहोत.

या सगळ्यात मी रायफल घ्यायची ठरवली.

मला ऑफिसमधल्या डेरेकने क्लबात नेलं होतं. डेरेक आमच्याकडे अकाउंट्समध्ये होता, रिटायरमेंटला आलेला, आणि गावाबाहेरच्या एका शूटिंग क्लबचा सेक्रेटरी. नागपूरला कॉलेजात एनसीसीत मी नेमबाजी करायचे. मी डावखुरी. आईने जेवताना हातावर मारून उजवा हात शिकवला, पण आमच्या उस्तादांनी रायफल डाव्या खांद्याला लावू दिली आणि मग मी बरा नेम धरायला लागले. इतक्या वर्षांनी क्लबात पोटावर पडून पहिली गोळी झाडली, तेव्हा डोक्यातला व्हिसा, गॅसचं बिल, सासूबाईंचा फोन, सगळं क्षणभर गप्प झालं. मग दर रविवारी गावातले सगळे राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, ओलांडून जायला लागले.

इथे स्वतःची रायफल ठेवायची तर पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं आणि ती ठेवायला भिंतीत बोल्टने बसवलेलं लोखंडी कपाट. "भिंतीला भोकं?" मिलिंद ओरडलाच. "लँडलॉर्ड डिपॉझिट देईल का परत?" लँडलॉर्डची परवानगी मी आणली. मग पोलिसांचा माणूस घरी आला, कपाट हलवून बघितलं, चहा घेतला आणि सहज विचारलं, "इथे किती वर्षं राहायचा विचार आहे?"

"टू इयर्स," मिलिंद म्हणाला.

"आय डोन्ट नो," मी म्हणाले. दोघं एकदमच.

तो माणूस एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. तरी सर्टिफिकेट आलं. एकाच रायफलीचं.

मला सेमी-ऑटोमॅटिक हवी होती. म्हणजे दर गोळीला ट्रिगर दाबायचा, पण पुढची गोळी आपोआप चढते. या देशात अशी रायफल फक्त सगळ्यात लहान गोळीची, पॉइंट टू-टूचीच मिळते, त्यामुळे निवड फार नव्हती. डीलरकडे दोन होत्या. एक अक्रोडाच्या लाकडाच्या दस्त्याची, देखणी, हात फिरवत राहावं अशी. दुसरी काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्याची, ड्रेनपाइपसारखी दिसणारी.

मिलिंदने आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नव्हती. पण इंटरनेटवरचे सगळे फोरम वाचून तो आठवडाभरात एक्स्पर्ट झाला. जेवताना लाकडी, भांडी घासताना लाकडी. डेरेकही म्हणे, "द वॉलनट वन, लव्ह. इट्स अ ब्यूटी." फोनवर आई म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही, पण प्लॅस्टिक कशाला घेतेस?" खरं म्हणजे दोन्ही रायफली हातात धरून गोळी झाडलेली मी एकटीच होते, आणि नेमकं मलाच कोणी विचारत नव्हतं.

लाकडी रायफलीचा गाल टेकायचा उंचवटा उजव्या हाताच्या माणसासाठी कोरलेला होता. माझा गाल दुसऱ्या बाजूला, तिथे नुसता उतार. शिवाय तिच्या रिकाम्या पुंगळ्या उडून माझ्या कॉलरमध्ये यायच्या, चांगल्या गरम. काळीचा दस्ता दोन्ही बाजूंनी सारखा होता आणि तिच्या पुंगळ्या पुढे पडायच्या. एवढं साधं होतं. मी ते मिलिंदला पाच वेळा सांगितलं.

"अगं, पण लाकडीला रीसेल चांगला आहे," तो म्हणाला. "रायफल काही भारतात नेता येणार नाही. जाताना विकावीच लागेल. काळी कोण घेणार?"

मी हातातला कुकर ओट्यावर आपटला. "मिलिंद, तू विकायच्या दिवसाची रायफल घेतोयस. मला चालवायच्या दिवसाची हवी आहे. चार वर्षं झाली, आपण या घरात फक्त निघायची तयारी करतोय. मान भाजतेय ती माझी!"

शनिवारी मी एकटीच जाऊन काळी घेऊन आले. तिने कपाटात कुलपाआड मुक्काम केला आणि मिलिंदने अबोला धरला. पुढे बोलायला लागला, पण कपाटाच्या खोलीत पाऊल टाकेना. मीही त्याला बोलावलं नाही. रविवारी माझा नेम सुधारत गेला आणि कॉलर थंड राहिली, मला तेवढं पुरे होतं.

मग हिवाळ्यात एकदा ऑफिसातून आले तर दाराबाहेर फुटपाथवर एक प्रचंड ओक लाकडाचं डायनिंग टेबल, आणि त्याच्या शेजारी मिलिंद, पावसात, अंगावर सूट.

"हे काय?"

"टेबल," तो म्हणाला. "आठ माणसांचं."

"आपण दोघं आहोत. आणि हे दारातून जाणार कसं?"

"दार काढावं लागेल. डिलिव्हरीवाले म्हणाले त्यांचं काम नाही." मग केसांतलं पाणी झटकत, माझ्याकडे न बघता, "सेलमधलं आहे. परत घेत नाहीत."

मला हसावं की त्याच्या डोक्यात काही घालावं, कळेना. टेबलाचे पाय निघतात का, दारातून मावेल का, यातलं काहीही मिलिंदने विचारलं नव्हतं. शेजारच्याकडून स्क्रूड्रायव्हर आणला, दार बिजागऱ्यांतून सोडवलं, आणि आम्ही दोघांनी ते धूड एकमेकांवर खेकसत आत घेतलं. दाराच्या डावीकडच्या भिंतीचा रंग गेला तो गेलाच. तेव्हापासून स्वयंपाकघरात आडवं चालावं लागतं.

कुठली तू, असं कोणी विचारलं तर मी अजूनही पटकन नागपूर म्हणते, आणि ते खोटं नाही. पण हे लिहितेय ते या टेबलावर बसून. समोर मिलिंद बसलाय आणि इथून उठायला आम्हा दोघांनाही खुर्च्या मागे सरकवायला जागा नाही.