गाळलेली सातवी ओळ

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. वहिनीला नाही, रोज सकाळी फाटकाशी जिच्याशी दोन शब्द होतात त्या शेजारणीलाही नाही. अण्णाला तर नाहीच — आणि आता अण्णाच नाही. तुम्हाला सांगते आहे. जरा हळूहळू सांगेन. मला पटकन सांगता येत नाही. येत असतं, तर ही वेळ आली असती का?

अण्णा माझा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आमचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्यांपासून आहे, की मूळ गाव कुठलं हे आता कुणालाच सांगता येत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. अण्णा कारखान्यात टूलरूममध्ये होता, मी एका संस्थेच्या ग्रंथालयात. त्याने लग्न केलं आणि जे. पी. नगरला फ्लॅट घेतला. मी मल्लेश्वरमच्या आमच्या लहानशा घरात राहिले, एकटी. तो गौरीला यायचा, दिवाळीला यायचा. बाकी फोन.

निवृत्तीनंतर त्याने एक गाडी घेतली. दोन दारांची, लाल, जपानी, चाळिशी उलटलेली. मूळ मालक परदेशी निघून गेला होता. तिचं इंजिन रोटरी — आत खालीवर होणारे पिस्टन नसतात, एक तिकोनी तुकडा गोल फिरत असतो. अण्णाला त्या तिकोनाचं वेडच लागलं होतं. जेवताना पोळीचा तिकोनी तुकडा करून ताटात फिरवून दाखवायचा.

गाडी चालायची छान, पण अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून बार उडायचा — एक, कधी लागोपाठ तीन. माझ्या गल्लीतली कुत्री उठायची. समोरचे निवृत्त मास्तर गॅलरीतून ओरडायचे, "एन् अण्णा, काय हो, यंदा दिवाळी लवकर?" अण्णा खालून म्हणायचा, "फराळाला कधी येऊ ते सांगा, सर!" जे. पी. नगरच्या सोसायटीला मात्र आधी यात विनोद दिसला नव्हता. त्यांनी आवाजाची गाडी आत घ्यायला नकार दिला होता. म्हणून तर ती माझ्या घराच्या शेडमध्ये आली.

आणि गाडीमागोमाग अण्णा. दर रविवारी सकाळी नऊला, मेट्रोने. सोबतीला मुनिराजू — आमच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज. कारखान्यात असल्यापासून अण्णाचा दोस्त. कार्बोरेटरमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नाही, असं अण्णाच सांगायचा.

आता पुस्तकाचं सांगायला हवं. गाडीबरोबर दुरुस्तीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं, पुठ्ठा सुटलेलं. मी ते पुन्हा बांधलं, आणि एक नियम केला — ग्रीसच्या हातांनी पुस्तकाला शिवायचं नाही. ग्रंथालयातली सवय, दुसरं काय. त्यामुळे वाचायचं काम माझं. मी स्टुलावर बसून एकेक ओळ मराठीत सांगायची, मुनिराजूसाठी कन्नडमध्येही, ते दोघे बॉनेटखाली वाकून ती करायचे, आणि झाली की मी समासात पेन्सिलीने खूण करायची. माझ्याशिवाय ते पुस्तक कुणी उघडत नसे. त्यांच्या मनातही येत नसे. ग्रंथपाल बाईने वाचलं म्हणजे वाचलं.

"अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये स्फोट" — या नावाचा एक तक्ता त्यात होता. ओळी सात. पहिली, सायलेन्सरच्या सांध्यातून हवा शिरते का ते पाहा. ते त्यांनी पेटलेली उदबत्ती सांध्यांजवळ धरून पाहिलं, धूर कुठे हलतो म्हणून. दुसरी, वरच्या आणि खालच्या स्पार्क प्लगच्या वायरींची अदलाबदल झाली नाही ना. मग ठिणगीचं टायमिंग. मग कार्बोरेटरच्या दोन ओळी, त्या मुनिराजूने तीनदा केल्या. मग मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनला जोडलेल्या नळ्यांची, गळती. एका रविवारी एक ओळ, कधी तीही अर्धीच. मध्ये इडल्या, कॉफी, भांडणं. अण्णा म्हणायचा, आवाज थांबला की एकदा नंदीच्या डोंगरावर जायचं, मी आणि मुनिराजू. उतरताना प्रत्येक वळणावर अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, आणि एकही बार उडता कामा नये. तीच खरी परीक्षा.

आणि मग तो म्हणायचा, "परीक्षा पास झाली, की तुझी शेड मोकळी करतो बघ, सुधा."

जणू मी शेडसाठी खोळंबले होते.

बॅटरी उतरू नये म्हणून दर बुधवारी मी गाडी सुरू करून ठेवायची, हे मला अण्णाने शिकवलं होतं. सहावी ओळ झाली, त्यानंतरच्या बुधवारी मी सातवी ओळ स्वतःशीच वाचली. सोपी होती. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर क्षणभर जास्तीची हवा आत घेणारा एक व्हॉल्व्ह असतो. इंजिन चालू ठेवा, त्याच्या तोंडावर बोट धरा, इंजिनचा वेग वाढवून सोडा. बोट आत ओढलं गेलं पाहिजे. ओढलं गेलं नाही, तर व्हॉल्व्ह तपासा, आणि त्याला जाणारी नळी.

मी बोट धरलं. दुसऱ्या हाताने, अण्णा करायचा तशी, कार्बोरेटरची दांडी ओढून सोडली. काही ओढलं गेलं नाही. मागे बार उडाला. इंजिन बंद करून नळी चाचपली — रबराची, बोटाएवढी. खालच्या बाजूला नखाएवढी चीर. वरून दिसत नव्हती.

मी घरातून चिकटपट्टी आणली आणि ती चीर गुंडाळली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बोट धरलं. बोट ओढलं गेलं. बार उडाला नाही. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा शांत.

इथवर मी कुणालाही सांगू शकले असते, नाही का? अभिमानानेसुद्धा.

मी पट्टी काढून टाकली. नळी होती तशी बसवली, चीर खाली. हात साबणाने धुतले. हे सगळं मी सावकाश, विचार करून केलं. चुकून, घाईत, घाबरून — यातलं काहीही नव्हतं. मला पुढचा रविवार हवा होता, आणि त्याच्या पुढचा.

रविवारी अण्णा बॉनेटखालूनच म्हणाला, "हं, पुढची वाच."

"संपल्या. सहाच आहेत."

तो सरळ उभा राहिला. "म्हणजे उरलं काय? याचा कार्बोरेटर."

"अण्णा, तीनदा उघडला मी," मुनिराजू म्हणाला. "तुमच्यासमोर."

"मग पुस्तक खोटं बोलतं?"

मुनिराजू माझ्याकडे वळला. "अक्का, स्वल्प परत बघा ना. एखादी ओळ राहिली असेल."

मी पाहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर पान उलटलं, बोट खाली खाली नेलं, सातव्या ओळीवर थांबवलं. आणि म्हणाले, "नाही राहिली."

माझ्या लबाडीची किंमत मुनिराजूच्या नावावर पडेल, हे मला बुधवारी सुचलं नव्हतं. पण रविवारी, बोट त्या ओळीवर असताना, ते मला स्वच्छ दिसत होतं. तेव्हाही एक वाक्य पुरलं असतं. अण्णा नको ते बोलला — "तीस वर्षं नुसते हात काळे केलेस. शिकलास काय?" मुनिराजूने आपले पाने फडक्याने पुसले, एकेक करून पिशवीत ठेवले. "सरी," बरं, एवढंच म्हणाला आणि गेला. पुन्हा आला नाही.

अण्णा येत राहिला, आणखी दोन वर्षं. कार्बोरेटर स्वतःच उघडू लागला, तो बिघडवून ठेवला, पुन्हा लावला. चेष्टा बंद झाली. मास्तरांनाही तो उत्तर देईना. मुनिराजूच्या गॅरेजवरून जायला नको म्हणून मेट्रोपासून लांबच्या रस्त्याने यायचा. मला जे रविवार हवे होते ते मिळाले, पण इडल्या उरू लागल्या. मी बसून त्याच त्या ओळी वाचायची, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत. नंदीला कुणी गेलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी अण्णा गेला. हृदयविकार, जे. पी. नगरलाच, सकाळी. मुनिराजू आला होता. आत आला नाही, सोसायटीच्या जिन्यापाशी उभा होता. मी खाली उतरले तेव्हा त्याने हात जोडले, आणि हळूच विचारलं, "अक्का, शेवटी सापडलं का? कशामुळे होतं ते?"

मी म्हणाले, "नाही."

अण्णा गेलेला. गाडी शेडमध्ये उभी. आता कुणाचे रविवार राखायचे होते? तरीही नाहीच म्हणाले.

तेरावं झाल्यावर वहिनी म्हणाली, गाडीचं काय ते तुम्हीच बघा, वन्सं. मी मुख्य रस्त्यावरच्या सुट्या भागांच्या दुकानातून बोटाएवढी नळी आणली आणि बसवली. कार्बोरेटर अण्णाने शेवटी लावला होता तो जेमतेम चालत होता, पण चालत होता. वेग वाढवला, सोडला. शेड शांत. समोरचे मास्तर गॅलरीत येऊन उभे राहिले, खाली बघितलं, आणि आत गेले.

जुनी नळी मी फेकलेली नाही. पुस्तकात, त्या पानात ठेवली आहे. समासात सहा खुणा आहेत, पेन्सिलीच्या, माझ्याच.

मुनिराजूला मराठी वाचता येत नाही, इंग्रजीही नाही. उद्या बुधवार. सकाळी त्याचं गॅरेज उघडलं, की पुस्तक घेऊन जाणार आहे. त्याला तक्ता कन्नडमध्ये वाचून दाखवीन, सातही ओळी. मग हे सगळं सांगेन, इथे लिहिलं आहे त्याच क्रमाने — पट्टी, पान, जिना. नळी त्याच्या हातात देईन. त्याचे हात ग्रीसचे असले, तरी पुस्तकही.